गाभ्याचं कुलूप

८ मार्च २००५, मंगळवार

केंद्राच्या मशिनमध्ये, म्हणजे पेशंटच्या नोंदींच्या कॉम्प्युटरमध्ये, कुणीतरी बाहेरून शिरलं होतं. कधी, कुठून, अजून कळलेलं नाही. कळलं ते एवढंच की शिरोळकडच्या एका बाईचं नाव तिच्या गावात फुटलं. नवरा गेल्यावर ती आमच्याकडे एचआयव्हीची तपासणी करून गेली होती. सासरच्यांनी तिला मुलीसकट घराबाहेर काढलं. आता ती कुठं आहे ते डॉ. अदितींनाही माहीत नाही, आणि केंद्र तर त्यांचंच.

"दीप्ती, हे तुझ्यामुळं झालं असं मी म्हणत नाही," त्या म्हणाल्या. म्हणजे त्यांच्या मनात ते येऊन गेलंय.

माझ्याही आलंय. सकाळी राजारामपुरीत कॉम्प्युटर इन्स्टिट्यूटमध्ये शिकवते आणि दुपारी शाहूपुरीत केंद्राचं मशिन सांभाळते. त्यावर लिनक्स ही यंत्रणा मीच घातली, औषधांची मागणी पाठवता यावी म्हणून इंटरनेटही मीच जोडून दिलं.

ठरलं ते असं. कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभा, बंदोबस्ताचा पॅच, म्हणजे सुरक्षेचं जोडकाम, घालून नव्यानं बांधायचा. कुणी आत आलंच तरी त्याच्या हाती काही लागू नये. डॉक्टरांची अट एकच, मशिन हळू होता कामा नये. "बाहेरच्या बाकावर माणूस जितका जास्त वेळ बसतो, तितकी त्याला ओळखणारी माणसं समोरून जातात. काहीजण उठून निघून जातात, ते परत येत नाहीत."

म्हणजे आधी मोजायला हवं. किती कडक केल्यावर किती हळू.

१९ मार्च, शनिवार

तपासणीसाठी केंद्रातलं दुसरं जुनं मशिन मिळालं. तोच प्रोसेसर, तेवढीच मेमरी. खोटी नावं घालून हजारभर पेशंट तयार केले. एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, तो ही नावं एकामागून एक उघडतो, मिटतो आणि लागलेला वेळ लिहून ठेवतो. साध्या कर्नलवर मोजणी झाली. दर वेळी आकडा थोडा वेगळा येतो. पहिला टाकून द्यायचा आणि बाकीच्यांची सरासरी काढायची असं ठरवलंय.

माझ्या भावानं, संघर्षदादानं, मोटारसायकलवरनं सोडलं. तो कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कास्टिंगच्या कारखान्यात क्वालिटीला आहे, शनिवारी त्याची सुट्टी. नेहमीसारखं कोपऱ्यावरच उतरवलं.

"गेटपर्यंत सोड की."

"गाडी वळवाय जागा न्हाय तिथं."

तिथं ट्रक वळतो. पण दादाशी वाद घालून उपयोग नसतो.

२ एप्रिल, शनिवार

आजचे आकडे चांगले आले. प्रोग्रॅमचे भाग मेमरीत दर वेळी वेगळ्या जागी मांडायचे, म्हणजे आत शिरलेल्याला काय कुठं आहे ते कळत नाही. याची किंमत जवळजवळ शून्य. मेमरीत माहिती ठेवायच्या जागेतून हुकूम चालू द्यायचे नाहीत, म्हणजे बाहेरच्यानं घुसवलेला हुकूम चालत नाही; हे मात्र महाग पडतं. नव्या प्रोसेसरमध्ये त्याची सोय असते म्हणतात. आमच्यात नाही, त्यामुळं गाभ्यालाच ते राबून करावं लागतं. एका पद्धतीनं मशिन तिसऱ्या हिश्शानं हळू झालं. दुसऱ्या पद्धतीनं शंभरामागं चार. दुसरी घ्यायची.

रात्री जेवताना मी हे सगळं सांगत होते. आप्पांनी पोस्टात जन्म काढला, त्यांना यातलं काही कळत नाही, तरी ते मान डोलावत राहतात. लेक इंजिनियर झाली याचं त्यांना अजून नवल आहे. दादानं मात्र नीट विचारलं.

"ती शिरोळची बाई. तिचं नाव फुटलं तवा बाकीची पण दिसली असतील की?"

"दिसली असतील. सांगता येत नाही."

"मग ती माणसं अजून येत्यात तिथं?"

"काही येतात. काही थांबलीत."

घरात माझ्या कामात रस घेणारा कुणीतरी आहे याचं बरं वाटलं.

१४ एप्रिल, गुरुवार

जयंती. सिद्धार्थनगर सगळं निळं झालंय. दर वर्षी दादा मिरवणुकीत पुढं असतो, पार दसरा चौकापर्यंत घसा बसेस्तोवर ओरडत. आज विहारात वंदना झाली आणि घरी येऊन झोपला. अंगात कणकण आहे म्हणाला. कारखान्याची भट्टी, वरून हे ऊन. आईनं शर्ट धुवायला घेतला तर म्हणाली, "ह्याचं शर्ट ह्याला सैल व्हायलेत की गं."

आप्पा म्हणाले, लग्न झाल्यावर भरेल.

२४ एप्रिल, रविवार

इचलकरंजीहून दादासाठी सांगून आलेल्या प्रीतीकडची माणसं तिला घेऊन आली होती. मुलगी डी.एड. झालेली, बोलायला मोकळी. मला फार आवडली. दादा तिच्याशी चांगला बोलला, हसलासुद्धा. पाव्हणं गेल्यावर म्हणाला, "मला हे जमणार न्हाय."

"का न्हाय? कारण सांग," आप्पा म्हणाले.

"कारण न्हाय."

"कारण नसताना न्हाय म्हणतोस? त्या पोरीत काय कमी हाय?"

"तिच्यात काय कमी न्हाय, आप्पा. म्हणून तर."

आप्पा ताटावरून उठले. ही तिसरी मुलगी. नक्की याचं कुठंतरी जमलंय, आणि ती जातीबाहेरची आहे म्हणून बोलत नाही. माझ्यापाशी तरी बोलायला हरकत नव्हती. मी त्याला तसं म्हटलं तर माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणाला, "तू तुझी मशिनी मोज."

१० मे, मंगळवार

अहवाल डॉक्टरांना दिला. सगळं धरून काउंटरवर पेशंटची फाइल साधारण शंभरामागं सहा इतकी उशिरा उघडेल. बाकावर बसलेल्याला ते जाणवणारसुद्धा नाही. डॉक्टर खूष झाल्या. काउंटर सांभाळणाऱ्या आणि पेशंट बोलतील ते नोंदवून घेणाऱ्या आक्काताईंनी नव्या कर्नलवर काम करून बघितलं आणि म्हणाल्या, "व्हय बाई, काय फरक न्हाय बघ."

एक भाग मी बंद ठेवला. त्या पॅचमध्ये असे नियम करता येतात की मशिनचा मालक, ज्याला रूट म्हणतात, त्यालाही पेशंटच्या फाइली वाचता येत नाहीत. नियम काढायचा तर वेगळा पासवर्ड लागतो, आणि तो डॉक्टरांकडं ठेवायचा. पण मग फाइल उघडताना दर वेळी सगळे नियम तपासले जातात, त्यानं वेळ सगळ्यात जास्त वाढतो. शिवाय बारीकसारीक दुरुस्तीला दर वेळी मला डॉक्टरांना शोधावं लागणार. आणि इथं रूट कोण? मीच. माझ्यापासून कुणाला वाचवायचंय?

जेवताना हेच गमतीनं सांगितलं. दादानं घास हातातच धरला.

"म्हणजे तुला दिसत्यात सगळी नावं?"

"दिसतात म्हणजे, बघितली तर दिसतील. मी कशाला बघतेय?"

"पर दिसत्यात."

"अरे, मीच मशिनची मालकीण आहे. मला सगळं दिसतं."

"बरं," तो म्हणाला. जेवण अर्धं टाकून उठला. हल्ली उकाड्यानं त्याची भूकच गेलीय.

१९ जून, रविवार

दादाचा खोकला महिना झाला तरी जात नाही. कारखान्याचा डॉक्टर गोळ्या देतो त्याच घेतो. आज मी सहज म्हटलं, "डॉ. अदितींना दाखवू या. माझ्या ओळखीनं लगेच बघतील, बाकावर बसावंही लागायचं नाही."

तो माझ्यावर ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा. "तुझ्या त्या दवाखान्याचं नाव काढू नको माझ्याम्होरं! मला काय झालंय?"

आई चुलीपासून धावत आली. मला खरंच वाईट वाटलं. शिकलेल्या माणसानंसुद्धा तिथं नुसतं पाऊल ठेवायला इतकं घाबरावं? बाहेरच्यांचं काय सांगावं मग. हा कलंक आपल्या घरातसुद्धा आहे. मी त्याला तसं तोंडावर सांगितलं. तो ऐकून घेत उभा राहिला, मग गाडी काढून बाहेर गेला.

११ जुलै, सोमवार

कारखान्यानं दादाला दोन महिन्यांच्या ट्रेनिंगला पुण्याला पाठवलंय. बॅग आईनं भरली. मी बोलले नाही, अजून राग आहे. जाताना त्यानं दारातून हाक मारली, "दीपे, येतो." मी आतूनच "हं" म्हटलं.

२७ जुलै, बुधवार

पाऊस थांबायलाच तयार नाही. पंचगंगा वस्तीच्या खालच्या घरांत आलीय. आमच्याकडं चार घरं मुक्कामाला आहेत. केंद्रावर कशीबशी पोचले. मंगळवारी बाक रिकामा होता म्हणे. शिरोळ सगळं पाण्याखाली, तिकडचे पेशंट येणार कसे? त्यांची औषधं खंडली तर काय, या काळजीत डॉक्टर फोन लावत बसल्या होत्या. लागत एकही नव्हता.

मशिन व्यवस्थित आहे. गेल्या महिन्यात दोनदा कुणीतरी बाहेरून दार ठोठावून गेलं, नोंदीत दिसतंय. आत येता आलं नाही. मनातून फार बरं वाटलं.

२९ जुलै, शुक्रवार

दुपारी केंद्राच्या फोनवर दादा. आवाज ओळखूच आला नाही.

"दीपे, मी मिरजेत हाय. सरकारी दवाखान्यात. घरी सांगू नको."

"मिरजेत? ट्रेनिंग?"

"ट्रेनिंग न्हाय. तू ये. एकटीच ये."

मी तशीच स्टँडवर गेले. एसटी बंद, रेल्वे बंद. वडापचा जीपवाला म्हणाला, "ताई, अंकलीच्या अलीकडं रस्ताच न्हाय, नुसतं पाणी हाय." घरी आल्यावर आईनं विचारलं, चेहरा असा का. पावसात भिजले म्हटलं.

काय झालंय ते त्यानं सांगितलं नाही. अपघात असेल. हात भट्टीत सापडला असेल. मी काय काय मनात आणतेय.

४ ऑगस्ट, गुरुवार

आज रस्ता उघडला. पोचले.

वॉर्डच्या टोकाला, भिंतीकडच्या खाटेवर. मी त्याच्यावरून पुढं गेले आणि मग परत आले. गालफडं बसलेली, डोळे तेवढे त्याचे.

कागदावर टीबी लिहिलेलं होतं. खालचं वाक्य वाचायला मला वेळ लागला नाही. रोज तीच अक्षरं बघते मी.

शेजारच्या खाटेपाशी बसलेल्या म्हातारीनं मला बसायला स्टूल सरकवलं.

"तू आमच्याकडं का नाही आलास?" मी म्हटलं. असं विचारायचं नव्हतं मला. पण तेच आलं तोंडातून.

"आलतो की. दोनदा. पार कोपऱ्यापातुर. तुला सोडल्यावर गाडी लावून हुबा राहिलो. तुझ्या त्या आक्काताईला बाकावरच्या माणसाला हाक मारताना ऐकलं, म्हटलं, बाई बरी दिसतीया." खोकला आला. थांबला. "पर तुझ्या मशिनीत गेलो असतो मी."

"मी बघितलं नसतं, दादा."

"तूच म्हणालीस, सगळं दिसतं."

"म्हणाले. पण बघितलं नसतं."

"तू न्हाय बघितलंस तरी मला वाटलंच असतं, बघितलंस. रोज जेवताना तुझ्याम्होरं बसायचं हुतं मला."

मी त्याचा हात धरला. तो काढून घ्यायला लागला. मी सोडला नाही. असं धरल्यानं काही होत नाही हे मी किती लोकांना सांगितलंय, आणि तो माझाच भाऊ, त्याला सांगायची वेळच आली नाही.

कसं झालं ते मी विचारलं नाही. डॉ. अदिती म्हणतात, ते विचारायचं नसतं. कधी कळलं तेही विचारलं नाही. तो दमला होता.

९ ऑगस्ट, मंगळवार

शेवटचा भाग चालू केला. पेशंटच्या फाइली आता फक्त आक्काताई आणि डॉक्टरांना दिसतात. नियम उठवायचा पासवर्ड डॉक्टरांनी स्वतः टाइप केला, तेव्हा मी खिडकीकडं तोंड करून उभी होते. त्यांनी कारण विचारलं नाही. माझ्या तोंडाकडं बघून त्यांना कळलं असावं.

मोजलं. पूर्वी शंभरामागं सहा होतं, आता अठरा. तरी ही सरासरी. मंगळवारी गर्दीच्या वेळी मशिन मधेच अडतं, आणि मग आक्काताई नुसत्या पडद्याकडं बघत बसतात.

"म्हातारं झालं काय गं हे?" त्या म्हणाल्या.

बाकावर डोक्याला रुमाल गुंडाळलेला एकजण होता. रस्त्यावरून कुणीतरी त्याला हाक मारली. तो उठला आणि हाक मारणाऱ्याबरोबर हसत हसत निघून गेला. परत आला नाही. मशिन आधीसारखं असतं तर तोवर त्याला आत घेतलं असतं का? सांगता येत नाही. मी ते पुन्हा पुन्हा मनात मोजतेय, पण आकडा निघत नाही.

३० ऑगस्ट, मंगळवार

मिरजेहून घरी आलेला दादा आज केंद्रावर आला. घरी आम्ही फुप्फुसाचा टीबी एवढंच सांगितलंय, मी त्याला तसा शब्द दिलाय. आप्पा त्याच्याशी पुन्हा बोलायला लागलेत, आता सारखं जवळ बसून असतात.

ठरल्याप्रमाणे मी मागच्या खोलीत बसले. आक्काताईंनी त्याला हाक मारली ती भिंतीपलीकडून ऐकली. काय बोलले ते ऐकू आलं नाही. बराच वेळ आत होता.

बाहेर आल्यावर चहा प्यायला. दोन घोट.

"किती हळू झालं मशीन?"

"थोडं."

"आकडा सांग की. तुला आकडे पाठ असतात."

"अठरा. आधी सहा होतं."

"माझ्यापायी?"

"सगळ्यांपायी."

"खोटारडी," तो म्हणाला, आणि हसला. "बरं केलंस पर. आतल्या बाईपाशी लई बोललो आज. एवढं कुणापाशी बोललो नव्हतो."

मला हेवा वाटला. आक्काताईंचा, म्हणजे.

डॉक्टरांनी नंतर मला बाजूला घेतलं. रिपोर्टबद्दल त्या माझ्याशी बोलू शकत नाहीत, म्हणाल्या. फक्त म्हणाल्या, "रजा टाकून घरी राहता आलं तर बघ." मी का म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, "तुलाही विश्रांती हवी."

खरंच मी फार थकलेय.

६ ऑक्टोबर, गुरुवार

दादा गेला. पहाटे, आप्पांच्या मांडीवर.

१८ डिसेंबर, रविवार

खूप दिवसांनी लिहितेय. केंद्रात नवं मशिन आलं, देणगीतून. त्याच्या प्रोसेसरमध्ये माहितीच्या जागेतले हुकूम अडवायची ती सोय आहे, शिवाय ते मुळातच जलद, त्यामुळं सगळे नियम चालू ठेवूनही ते जुन्यापेक्षा वेगानं चालतं. पुन्हा सगळं मोजलं. अहवाल दिला. डॉक्टर म्हणाल्या, सांगलीच्या केंद्रालाही हाच दाखवू या.

आज दुपारी आप्पा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. आई माझ्यासमोर मेथी निवडत बसली होती. एकदम म्हणाली, "काल लक्ष्मीपुरीत बाजारात तुमची आक्काताई भेटली."

"बरं."

"माझा हात धरून रडली गं. भर बाजारात. भाजीवाल्या बघाय लागल्या." तिनं एक काडी बाजूला टाकली. "नुसत्या टीबीनं गेलेल्या दुसऱ्याच्या पोरासाठी कोण असं रडत न्हाय, दीपा."

मी मान खाली घातली, आणि तेवढ्यानं तिला सगळं कळलं.

ती रडली नाही. मेथी निवडत राहिली.

"कधीपास्नं हुतं त्याला?"

"माहीत नाही, आई."

"ती प्रीती आलती, तवा ठावं हुतं त्याला?"

"असेल."

"असेल न्हाय. नीट सांग. आप्पा त्याला नाय नाय ते बोललं तवा. कुणापाशी तरी बोलला असंल की माझं लेकरू. भ्यालं हुतं का? काय म्हणत हुतं? समदं लिहून घेत्यात न्हवं तुमच्यात? तुझ्या मशिनीत असंल."

"असेल. पण मला ते दिसत नाही."

"मशीन तूच बसवलंस."

"हो. आणि मीच बंद केलं. मला दिसू नये म्हणून. त्याच्यासाठीच केलं, आई. आता मला खरंच वाचता येत नाही."

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. लहानपणी मी काही लपवलं की बघायची तसं. तिचा विश्वास बसला नव्हता, आणि रागही आला नव्हता. मान हलवली, जणू माझी अडचण तिच्या लक्षात आली.

मग हातातली जुडी खाली ठेवली, उठली, बाहेरच्या खोलीकडं एकदा बघितलं आणि आप्पांना ऐकू जाऊ नये म्हणून मधलं दार ओढून घेतलं. माझ्याजवळ, अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसली.

"हां," ती हळूच म्हणाली. "आता सांग."